वारशात आलेला सुरी-काटा : ओळख आणि मोल

विळीवर भाजी चिरणाऱ्या आपल्या घरांत मांस कापावयाच्या विलायती सुरीला फारसे स्थान नाही. तरीही बेंगळूरसारख्या शहरात वाटणीच्या वेळी एखाद्या कपाटातून मखमलीचे अस्तर लावलेली लांबट पेटी निघते. त्यात नवल नाही. १८०९ साली येथे इंग्रजांची छावणी वसली. १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी व्हाइटफील्ड येथे अँग्लो-इंडियन वसाहतीसाठी जमीन दिली. स्वातंत्र्यानंतर त्या समाजातील पुष्कळ कुटुंबे इंग्लंड व ऑस्ट्रेलियाकडे गेली आणि जाताना घरसामान मागे ठेवून गेली. अशी पेटी आपल्या वाट्यास आली, तर ती भंगारात देण्यापूर्वी किंवा तिची किंमत मनाशी भरमसाट धरण्यापूर्वी थोडे निरीक्षण करावे.

पूर्ण संचात निदान तीन वस्तू असतात : लांब पात्याची सुरी, दोन दातांचा काटा आणि धार लावण्याची पोलादी कांब. काट्याला बहुधा एक उभी पट्टी असते. सुरी निसटलीच, तर हात वाचावा यासाठी ती योजना होय.

प्रथम मुठीजवळचे पाते भिंग घेऊन तिरप्या उजेडात पाहावे. तेथे बहुधा कारखान्याचे नाव आणि ‘शेफील्ड’ हे गावाचे नाव कोरलेले आढळते. तारा आणि माल्टाचा क्रूस ही खूण जोसेफ रॉजर्स या विख्यात कारखान्याची. मुकुटासह ‘व्ही. आर.’ ही अक्षरे बहुधा व्हिक्टोरिया राणीचा, म्हणजे १८३७ ते १९०१ चा काळ सुचवितात. पात्यावर ‘स्टेनलेस’ असे लिहिले असेल, तर ते १९१३ नंतरचेच, कारण हॅरी ब्रिअर्ली याने शेफील्डमध्ये ते पोलाद त्या वर्षी सिद्ध केले. खुणा दिसाव्यात म्हणून पाते पॉलिश कागदाने मात्र घासू नये. खूणही जाते आणि मोलही.

मुठीच्या गळ्याशी चकाकणारे कडे असते. त्यावर चालता सिंह दिसला, तर चांदी शेकडा ९२.५ शुद्धतेची समजावी. शेजारचा मुकुट १९७४ पर्यंत शेफील्डच्या परीक्षण-कचेरीचा होता, नांगर बर्मिंगहॅमचा. जोडीच्या अक्षरावरून वर्ष ठरते. ‘ई. पी. एन. एस.’ असे असेल, तर तो तांबे, जस्त व निकेल यांच्या मिश्रधातूवर दिलेला चांदीचा मुलामा होय. सराफाच्या तराजूत अशा कड्याचे मोल शून्यवत.

आता मूठ पाहू. हाडावर बारीक काळसर ठिपके वा रेघोट्या दिसतात. हस्तिदंताच्या टोकाशी एकमेकींस छेदणाऱ्या सूक्ष्म रेषा असतात. सेल्युलॉइडवरील रेषा सरळ व समांतर असतात. तापलेली सुई टोचून परीक्षा करू नये, कारण सेल्युलॉइड चटकन पेट घेते. खडबडीत तपकिरी मूठ बहुधा सांबरशिंगाची. हे शिंग भारतातील अरण्यांतूनच शेफील्डला जाई आणि मूठ होऊन पुन्हा येथे विक्रीस येई.

येथे कायदा लक्षात घेतला पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आहे. हस्तिदंती वस्तू वारशाने आली, तर नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे तसे निवेदन द्यावे लागते. सांबरही संरक्षित प्राणी आहे. म्हणून शिंगाच्या मुठीविषयीही मल्लेश्वरम् येथील अरण्यभवनात विचारल्यावाचून विक्रीचा विचार करू नये. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्याच पुरावस्तू कायद्याखाली येते. परदेशी असलेल्या मुलाकडे पेटी धाडण्याचा बेत असेल, तर तत्पूर्वी पुरातत्त्व विभागाचा सल्ला घ्यावा.

हे निर्वेध असेल, तर किंमत तीन गोष्टींवरून ठरते : संच पूर्ण आहे काय, मूळ पेटी आहे काय, आणि वारंवार धार लावून पाते झिजले नाही ना. असे संच कारखान्यांतून फार मोठ्या संख्येने निघाले. त्यामुळे केवळ जुनेपणावर मोठी रक्कम मिळत नाही. दोन जाणत्या व्यापाऱ्यांकडून स्वतंत्र भाव विचारावा आणि चांदीच्या वजनावर सौदा करू नये.

वाटणीत सुरी एकाने, काटा दुसऱ्याने घेतला, तर संच मोडतो आणि दोघांच्याही हाती थोडेच उरते. त्यापेक्षा पेटी एकाकडे असावी. जुन्या मुठी बहुधा राळेने बसविलेल्या असतात. म्हणून कढत पाण्यात बुडवू नये, पुसून पात्यास तेलाचा हात द्यावा. आणि पेटी कोणाची, कशी व केव्हा घरात आली, हे वडीलधाऱ्यांना आजच विचारून एका चिठ्ठीवर लिहावे व ती चिठ्ठी झाकणात ठेवावी. पात्यावरील खुणा भिंगाने केव्हाही वाचता येतील. हा वृत्तांत मात्र सांगणारे माणूस आहे तोवरच मिळेल.