'एक कप चहा'चा धनी कोण?

हैदराबादेतील दिलसुखनगर म्हणजे शिकवणी-वर्गांची पेठ. पाटीला पाटी लागलेली. इंग्रजी, गणित, बँकेची परीक्षा, सरकारी नोकरी, जे मागाल ते तेथे मिळते. अशाच एका वर्गाला जाणाऱ्या शेजारच्या मराठी मुलाची वही परवा माझ्या हाती आली. 'अ नंबर ऑफ बॉइज आर अ‍ॅब्सेंट' असे त्याने लिहिले होते. गुरुजींनी 'आर' खोडून तांबड्या शाईने 'इज' केले होते. खाली 'अ स्ट्राँग कप ऑफ टी' हेही खोडलेले. शेरा असा की, कडक चहा असतो, कप नव्हे! समासात नियम दिला होता : 'ऑफ'च्या आधीचे नाम तेच मुख्य, विशेषण त्याचे, क्रियापदही त्याचेच.

दोन्ही ठिकाणी मुलगा बरोबर होता. पण माझे भांडण त्या एका गुरुजींशी नाही. ते आहे या नियमाशी, आणि मातृभाषा चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवा, मग वर्गात या, असे सांगणाऱ्या वृत्तीशी.

वाचकहो, आपलीच भाषा जरा तपासून पाहा. 'पोतेभर साखर सांडली' असे आपण म्हणतो. पोते नपुंसकलिंगी, साखर स्त्रीलिंगी. क्रियापद साखरेच्या मागे गेले. 'साखरेचे पोते फाटले' म्हणताच ते पोत्याच्या मागे आले. माप सांगायचे असेल तेव्हा वस्तू धनीण आणि पोते तिचे चाकर. भांड्याविषयी बोलायचे असेल तेव्हा पोतेच धनी. हा भेद अडाणी म्हातारीही चुकत नाही. कोंकणीतही हा 'भर' आहेच. 'पोटभर' दोन्ही घरी सारखेच. दख्खनी बोलणारा 'एक प्याली चाय' मागतो. तेलुगू माणूस 'रेंडु किलोल बिय्यम' म्हणतो, तेव्हा विभक्ती लागते ती किलोला. तांदूळ आपल्या जागी ताठ उभा असतो. फार काय, इंग्रजीची चुलत बहीण जर्मन 'आइन ग्लास वासर' म्हणते, मध्ये 'चा' नाही की 'ऑफ' नाही.

इंग्रजीने हे दोन्ही अर्थ एकाच 'ऑफ'च्या दाव्याला बांधले. म्हणून 'अ सॅक ऑफ शुगर' सांडतेही आणि फाटतेही. परंतु भेद नष्ट झालेला नाही. 'अ नंबर ऑफ बॉइज' म्हणजे 'कित्येक मुले'. तेथे मुले मुख्य, म्हणून 'आर'. 'द नंबर ऑफ बॉइज' म्हणजे 'मुलांची संख्या'. तेथे संख्या मुख्य, म्हणून 'इज'. 'स्ट्राँग' हे विशेषण कपाच्या आधी बसले तरी चिकटते चहालाच, कारण तेथे कप हे केवळ माप आहे. 'अ डझन एग्ज' म्हणताना तर इंग्रज 'ऑफ'ही गाळतो. मराठीतील दोन वाक्ये फळ्यावर लिहिली असती, तर पाच मिनिटांत वर्गाला हे उमगले असते.

यावर आक्षेप येईल की, मातृभाषेच्या आधाराने चालणारा मुलगा तिच्याच खड्ड्यात पडतो. पडतो, हे मी नाकारीत नाही. आपण 'दहा रुपयांची नोट' म्हणतो, म्हणून 'टेन रुपीज नोट' लिहितो. इंग्रजीत मापाचे विशेषण झाले की ते एकवचनी होते, 'टेन-रुपी नोट'. पण ही चूक का होते, हे तरी मराठी पुढे ठेवल्यावाचून कसे कळणार? खड्डा झाकल्याने वाट सरळ होत नाही. तो दाखवावा लागतो.

याच शहरात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण देऊन दाखविले. ती येथील बहुसंख्य तेलुगू, मराठी, कानडी लोकांची मातृभाषा नव्हती, हा त्या प्रयोगाचा दोष खराच. पण देशी भाषेत शास्त्र मावत नाही, ही समजूत त्याने खोटी पाडली. त्याच शहरात आज साध्या 'ऑफ'चा उलगडा करायलाही आपल्या भाषा नालायक ठराव्यात काय?

आणि हानी एका गुणाची नाही. तोच मुलगा आता घरी 'पाण्याचा एक ग्लास दे' म्हणू लागला आहे. आईने रिकामा पेला पुढे केला, तर चूक कोणाची? १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून गेला. मागे राहिलेल्या मराठी घरांत भाषा टिकली ती अशाच 'ग्लासभर', 'पोतेभर' शब्दांच्या बळावर. तीही अर्धवट नियमापायी गमवायची आणि बदल्यात इंग्रजीही चुकीची शिकायची, या सौद्यात नफा कोणाचा?

मी त्या मुलाची वही परत केली. तांबड्या 'इज'वर काट मारून त्याचा 'आर' पुन्हा लिहिला, आणि शेजारी मराठीत अर्थ दिला : 'कित्येक मुले गैरहजर आहेत'. गुरुजींनी तेवढा वाचावा.