तार गावात आली. हिशेब कधी येणार?

सार्वजनिक पैशाने किंवा सरकारी हमीच्या कर्जाने उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कामाला दोन आयुष्ये असतात. पहिले उद्घाटनाचे, ते फीत कापली की संपते. दुसरे परतफेडीचे आणि देखभालीचे. ते दहा-वीस वर्षे चालते आणि त्याच्याकडे पाहायला सहसा कोणी फिरकत नाही. ग्रामीण भागात इंटरनेटची तार नेण्याच्या कामाचे नेमके हेच झाले आहे. तार किती किलोमीटर टाकली, किती पंचायतींपर्यंत पोहोचली, हे आकडे लोकसभेपासून गावच्या फलकापर्यंत सर्वत्र झळकतात. मात्र त्या तारेसाठी कोणी किती पैसा घेतला, त्यातला किती फेडला आणि त्या मोबदल्यात गावाला सेवा किती मिळाली, याचा जमाखर्च गावकऱ्याच्या हाती पडत नाही.

पेडणे महालातील पार्सेसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवून हा प्रश्न पाहू. याच तालुक्यात मोपा येथे २०२२ च्या डिसेंबरमध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. जवळच तुये येथे इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठी वसाहत आखली गेली. म्हणजे जगाशी जोडले जाण्याच्या सर्व खुणा पेडण्याच्या अंगणात आहेत. पण अशा गावातील सामान्य माणसाचा जगाशी संबंध विमानाने येत नाही. रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा उमटतो की नाही, सामाजिक सुरक्षा योजनेचे मानधन खात्यात जमा झाल्याचे कळते की नाही, मुलीचा महाविद्यालय प्रवेशाचा अर्ज मुदतीत जातो की नाही, यावर तो संबंध अवलंबून असतो. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात गोव्याच्या अंतर्भागातील विद्यार्थी मोबाइलला संदेशलहरी मिळाव्यात म्हणून डोंगर चढून बसत होते, हे चित्र आपण विसरलेलो नाही. तार ही आता चैनीची वस्तू उरलेली नाही. पाण्याच्या नळासारखीच ती गरजेची झाली आहे. आणि नळयोजनेचा हिशेब विचारणारा गावकरी तारेचा हिशेब मात्र विचारत नाही, कारण तो विचारता येतो हेच त्याला कोणी सांगितलेले नाही.

हा पैसा येतो कोठून? दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेसाठी आकारली जाते. कंपन्या ती भरतात याचा अर्थ अखेरीस आपण सर्व ग्राहक ती भरतो. १ एप्रिल २००२ पासून अमलात आलेल्या या निधीला २००३ च्या दुरुस्ती कायद्याने वैधानिक अधिष्ठान मिळाले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. याच निधीतून २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर झाली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना जोडण्याची ती प्रतिज्ञा होती आणि खर्चाचा अंदाज सुमारे २० हजार कोटी रुपयांचा होता. मुदती हुकत गेल्या, २०१५ मध्ये योजनेचे नाव ‘भारतनेट’ झाले आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुधारित कार्यक्रमासाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर झाले. एवढ्या रकमेपुढे गोव्याच्या १९१ पंचायतींचा वाटा अल्प असेल. पण हिशेब मागण्याचा हक्क वाट्याच्या आकारावर अवलंबून नसतो.

हिशेब कोणीच मागत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनुदानाचे दावे दूरसंचार खात्याची लेखा कार्यालये तपासतात. महालेखापरीक्षकांनी तर आकारणीची पूर्ण रक्कम निधीकडे वर्ग होत नसल्याकडे वेळोवेळी बोट दाखवले आहे. कर्ज देणारी बँक आपला ताळेबंद मागते. उणीव आहे ती दोन ठिकाणी. पहिली अशी की, हे सारे कागद वरच्या दिशेने जातात, खाली एकही येत नाही. दूरसंचाराच्या नकाशात गोवा महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. तेव्हा पेडण्याच्या तारेचा कागद पणजीलाही ओलांडून जातो. दुसरी उणीव अधिक गंभीर. पैशाचा कागद एका टेबलावर आणि सेवेचा कागद दुसऱ्या टेबलावर, अशी आपल्याकडे रीत आहे. कर्ज फेडले जाते आहे की नाही हे पाहणाऱ्याला तार कधी तुटली ते ठाऊक नसते. तार तुटल्याची तक्रार घेणाऱ्याला कर्जाशी कर्तव्य नसते.

या दोन कागदांचे नाते किती जवळचे आहे, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या तरुणाने पंचायतीपर्यंत आलेल्या तारेवरून घरोघर जोडण्या देण्यासाठी ५ लाख रुपयांचे कर्ज काढले; मुदत ५ वर्षे, व्याज ११ टक्के. त्याचा मासिक हप्ता १० हजार ८७० रुपयांच्या घरात जातो. ग्राहकाकडून महिन्याला ४०० रुपये मिळत असतील आणि त्यातील निम्मा वाटा त्याचा असेल, तर केवळ हप्ता भागवण्यासाठी त्याला ५५ ग्राहक हवेत. वीजबिल, दुरुस्ती, मदतनीसाचा पगार आणि स्वतःच्या पोटाची सोय त्यानंतरची. आता जुलैच्या पावसात आंब्याची फांदी तारेवर पडली आणि ती जोडायला तालुक्याहून पंधरा दिवस कोणी आले नाही, तर वीस ग्राहक वैतागून मोबाइलच्या डेटावर निभावून नेतात आणि परत येत नाहीत. हप्ता थकतो तो ऑक्टोबरात, बँकेच्या वहीत ‘थकबाकीदार’ असा शिक्का बसतो तो पुढच्या वर्षी. पण कर्ज बुडण्याची पहिली वर्दी जुलैतच मिळाली होती. ती तारेच्या वहीत होती, पैशाच्या वहीत नव्हती. जी हिशेबपद्धती या दोन वह्या एकत्र वाचत नाही, ती वरातीमागून घोडे नाचवते.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव पाहण्याजोगा आहे. तेथे १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने खेड्यांत वीज नेण्यासाठी सहकारी संस्थांना सरकारी कर्जे मिळू लागली. १९४९ मध्ये दुरुस्ती होऊन दूरध्वनीसाठीही ती खुली झाली आणि २००२ च्या शेतीविषयक कायद्याने ब्रॉडबँडसाठी. कर्ज देताना सरकारने सुरुवातीपासून अट घातली ती हिशेबाची. कर्जदाराने एकसमान पद्धतीने खाती ठेवायची, मान्यताप्राप्त लेखापालाकडून दरवर्षी तपासणी करून घ्यायची आणि तपासणीच्या तारखेपासून १२० दिवसांच्या आत अहवाल सादर करायचा. शिवाय एक ठरावीक विवरणपत्र भरायचे. त्यात ताळेबंद आणि नफातोट्याबरोबर ग्राहकांची संख्या, टाकलेल्या तारेची लांबी आणि वेगवान इंटरनेटची माहितीही असते. पैसा आणि सेवा एकाच कागदावर! व्याजाच्या किती पट कमाई होते याचे प्रमाण ठरलेले असते. ते घसरू लागले की सावकार सरकार वेळीच जागे होते, निदान व्हावे अशी अपेक्षा असते.

तेथेही सर्व आलबेल आहे असे नाही. ग्रामीण ब्रॉडबँडची कर्जे मोठ्या शहरांच्या उपनगरांकडे वळत असल्याची टीका शेतीखात्याच्याच महानिरीक्षकांनी २००५ मध्ये केली होती. २००८ मध्ये ‘ओपन रेंज’ नावाच्या एका कंपनीला २६ कोटी ७० लाख डॉलरचे कर्ज मंजूर झाले आणि २०११ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. म्हणजे विवरणपत्र भरून घेतले की पैसा सुरक्षित झाला, असा भ्रम नको. विवरणपत्र वाचणारा माणूसही लागतो आणि वाचल्यावर प्रश्न विचारण्याचे धैर्यही लागते. मात्र कागद असल्यामुळे चूक कोठे झाली हे तेथे दाखवता आले. आपल्याकडे कागदच नसेल, तर चूक झाली हे सुद्धा कोणाला कळणार?

हिशेब वेळीच न वाचण्याची किंमत गोव्याने मोजलेली आहे. २०२० मध्ये म्हापसा अर्बन आणि २०२१ मध्ये मडगाव अर्बन या सहकारी बँकांचे परवाने रिझर्व्ह बँकेने रद्द केले. आयुष्यभराची पुंजी विश्वासाने ठेवणाऱ्या ठेवीदारांना, कागदावर सारे उमटत असतानाही, आपल्या पायांखालची जमीन सरकत असल्याचे फार उशिरा उमगले. तारेच्या बाबतीत ठेवीदार नसतील. पण आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण बँकेला लागू पडते तशी तारेलाही पडते.

वास्तविक जाहीर हिशेब ही आपल्या गावांना परकी गोष्ट नाही. आपल्या देवस्थानांकडे पाहा. १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीने महाजनांच्या समित्यांवर अंदाजपत्रक आणि हिशेब प्रशासकाला, म्हणजे मामलेदाराला, सादर करण्याचे बंधन घातले. राजवट परकी होती, तिचे हेतू निर्मळ होते असे कोणी म्हणणार नाही. पण महाजनांच्या सभेत जमाखर्च वाचला जातो, पालखीच्या तेलवातीपासून जीर्णोद्धाराच्या चिऱ्यापर्यंत प्रत्येक बाबीवर शंका विचारली जाते आणि कधी कधी आवाजही चढतात, ही सवय समाजाच्या अंगवळणी पडली. देवाच्या पैशाचा हिशेब विचारताना ज्याला संकोच वाटत नाही, त्याने सरकारच्या पैशाचा हिशेब विचारताना का संकोचावे?

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. कागदांच्या ओझ्याखाली लहान माणूस चिरडला जातो. मोठी कंपनी लेखापालांची फौज बाळगते. गावातील केबलचालक किंवा जोडणी देणारा तरुण स्वतःच शिडीवर चढतो, स्वतःच वसुलीला जातो. त्याच्याकडून तिमाहीला चाळीस रकाने भरून घेणे म्हणजे त्याला शिडीवरून उतरवून कारकून करणे होय. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने सार्वजनिक वायफायची जी योजना मंजूर केली, तिच्यात छोट्या दुकानदाराला परवान्याच्या जाचातून मुक्त ठेवले, ते याच विचाराने. म्हणून आमचे म्हणणे असे की बंधन रकमेच्या मानाने चढते असावे. मोठ्या रकमेचे अनुदान किंवा कर्ज घेणाऱ्याने लेखापरीक्षित ताळेबंद द्यावा, तिमाही विवरण द्यावे आणि ते जाहीर व्हावे. मुद्रा योजनेतून किंवा राज्याच्या स्वयंरोजगार योजनेतून कर्ज घेणाऱ्या तरुणाकडून वर्षातून एकदा, एका पानाचे निवेदन पुरे. त्याच्या घरचा संसार चव्हाट्यावर मांडण्याची गरज नाही. त्याच्या कर्जाची बाकी बँकेपाशीच राहो. गावाला हवी आहे ती सेवेची माहिती.

त्या एका पानावर काय असावे? गावात किती जोडण्या दिल्या आणि त्यांतील किती चालू आहेत. वर्षभरात सेवा किती तास बंद होती. तक्रार आल्यापासून दुरुस्तीला सरासरी किती दिवस लागले. देखभालीसाठी किती रक्कम मिळाली व किती खर्च झाली. आणि शाळा, आरोग्य केंद्र, पंचायत कार्यालय व रेशन दुकान यांची जोडणी चालू आहे की नाही. पाच ओळी पुरेत. त्या मराठीत आणि कोकणीत लिहिलेल्या असाव्यात, कारण १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान आणि मराठीला शासकीय वापराची मुभा दिलेली आहे. गावकऱ्याला न समजणारा हिशेब हा न दिलेल्या हिशेबासारखाच असतो.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ सार्वजनिक प्राधिकरणांवर अनुदानाच्या योजना, त्यांच्या रकमा आणि लाभार्थी यांची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन घालते. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले आहे. निधीच्या २०२४ च्या नियमांनी तर, निधीतून उभारलेले जाळे इतरांना भेदभाव न करता खुले ठेवण्याची अट घातली आहे. ती पाळली जाते की नाही, हेही जाळे ज्या गावातून जाते त्या गावालाच प्रथम कळणार. उणीव आहे ती मागणाऱ्या आवाजाची. नळाला पाणी नाही म्हणून पंचायतीवर मोर्चा नेणाऱ्या गावाने पुढच्या ग्रामसभेत सचिवाला एवढेच विचारावे: आपल्या पंचायतीच्या तारेवर आजवर किती पैसा आला, तो कोणी घेतला, आणि गेल्या पावसाळ्यात ती किती दिवस मुकी होती? उत्तर मिळाले तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. मिळाले नाही, तर तेही नोंदवून घ्यावे.

कर्जदार प्रामाणिक असेल तर त्याला या प्रश्नांचे भय वाटण्याचे कारण नाही. उलट त्याची खरी अडचण, तालुक्याहून न येणारा दुरुस्तीवाला, मुदतीत न मिळणारी देखभालीची रक्कम, या निमित्ताने गावासमोर येईल आणि त्याच्या बाजूने बोलणारे चार लोक उभे राहतील. भय वाटलेच तर ते अनुदान घेऊन तार टाकणाऱ्या आणि नंतर पाठ फिरवणाऱ्याला वाटावे. पार्से काय, डिचोलीतील एखादे गाव काय, तेथील विद्यार्थ्याला डोंगरावर चढल्याशिवाय अभ्यास करता यावा, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप देशाने मांडला आहे. तो सफल झाला की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या विद्यार्थ्याच्या गावाला असला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारा कागदही त्या गावाच्या हाती पडला पाहिजे.