बंड कोणाचे? : ‘कारांदिरू’ आणि एकांगीपणाचा आक्षेप

तुरुंगातील उठावावर चित्रपट निघाला की एक ठरावीक आक्षेप त्याची वाट पाहत असतो : असा चित्रपट गुन्हेगारांविषयी सहानुभूती निर्माण करतो आणि कायद्याच्या रक्षकांना खलनायक ठरवितो. हेक्तर बाबेन्को यांचा ‘कारांदिरू’ (२००३) हा ब्राझिलियन चित्रपटही त्यातून सुटत नाही. हा आक्षेप नीतीच्या भाषेत मांडला जातो; वस्तुतः तो मृतांच्या बाजूने बोलण्याचा अधिकारच नाकारणारा आहे.

चित्रपटामागील घटना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. २ ऑक्टोबर १९९२ रोजी साओ पाउलोच्या कारांदिरू तुरुंगात, नवव्या इमारतीत, कैद्यांचे आपापसांतील भांडण पेटले आणि त्याची दंगल झाली. राज्याचे सशस्त्र पोलीस दल आत शिरले. १११ कैदी मारले गेले. पोलिसांपैकी एकही दगावला नाही. या इमारतीत मुख्यतः प्रथमच तुरुंग पाहणारे कैदी ठेवले जात आणि मृतांपैकी बहुसंख्यांच्या खटल्यांचा निकालही लागलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी नगरपालिकांचे मतदान होते. मृतांचा खरा आकडा ते जवळजवळ आटोपल्यावरच बाहेर आला.

या तुरुंगात १९८९ पासून एड्सप्रतिबंधाचे काम करणारे डॉक्टर द्राउझियो व्हारेला यांच्या १९९९ च्या पुस्तकावर हा चित्रपट आधारलेला आहे. चित्रपटाचा बराचसा भाग दंगलीकडे वळतच नाही. डॉक्टर एकेका कैद्याला तपासतो आणि कैदी आपली कहाणी सांगतो. दोन बायकांचा संसार भेटीच्या दिवशी सांभाळणारा एक आहे. अनेक खून करून अखेर धर्माकडे वळलेला एक आहे. तुरुंगातच लग्न लावणारे एक जोडपे आहे. मैत्री, उधारी, व्यसन, सूड आणि कैद्यांनी आपल्यापुरती उभारलेली न्यायव्यवस्था हे सारे त्यात येते. गोळीबार येतो तो शेवटच्या टप्प्यात. तोवर प्रेक्षकाला १११ हा आकडा आकडा म्हणून मोजणे अशक्य झालेले असते. हीच या रचनेची नैतिकता होय. सरकारी अहवाल माणसांची बेरीज करतो. हा चित्रपट ती बेरीज पुन्हा माणसांत सोडवितो.

या कहाण्या काही ठिकाणी गोड झाल्या आहेत, हे मान्य करावे लागेल. कैद्यांची विनोदबुद्धी आणि प्रेमप्रकरणे यांत दिग्दर्शक अंमळ जास्त रमतो. परंतु गुन्ह्यांवर त्याने पांघरूण घातलेले नाही. बालपणीच्या मित्राचा तुरुंगातच जीव घेणारा कैदीही येथे आहे. तो निर्दोष आहे असे चित्रपट म्हणत नाही. कोणत्याही न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिलेला नव्हता, एवढेच तो दाखवितो.

आपल्याकडे या आक्षेपाला बळ मिळते ते एका जुन्या मापदंडामुळे. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून स्फुरलेला. त्याचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु त्यातील परिवर्तन घडते ते कैद्यांच्या अंतःकरणात, आणि ते घडविणारा असतो तुरुंगाचाच एक अधिकारी. कैदी सुधारला म्हणून तो करुणेस पात्र, हा धडा त्यातून अनेकांनी घेतला. ‘कारांदिरू’ नेमका तेथेच अडचणीचा वाटतो. जो सुधारला नाही, त्याच्या जिवाचे मोल काय, असे तो विचारतो. सुधारणापट कैद्याची परीक्षा घेतो. उठावाचा चित्रपट तुरुंगाची परीक्षा घेतो. दोहोंना एकाच मापाने मोजणे ही समीक्षा नव्हे.

राहिला एकांगीपणा. दुसऱ्या बाजूला बोलण्याची संधी नव्हती काय? कारवाईचे नेतृत्व करणाऱ्या कर्नलला २००१ मध्ये ६३२ वर्षांची शिक्षा झाली. २००६ मध्ये ती रद्द झाली. २०१३-१४ मध्ये सत्तरांहून अधिक पोलिसांना शिक्षा झाल्या. २०१६ मध्ये त्याही रद्द ठरल्या, पुढे वरिष्ठ न्यायालयाने पुन्हा उचलून धरल्या, आणि २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी माफीचा हुकूम काढला. एका पक्षाला वकील, अपील आणि क्षमा यांची इतकी दालने खुली होती. दुसरा पक्ष त्याच दिवशी दुपारी संपला होता. अशा वेळी तराजू समतोल धरण्याचा आग्रह म्हणजे आधीच झुकलेल्या पारड्यात आणखी एक वजन टाकणे होय.

सर्वांत मोठी दिशाभूल ‘उठाव’ या शब्दातच आहे. चित्रपटातील कैदी अधिकाऱ्याच्या आवाहनाला मान देऊन खिडक्यांतून सुरे खाली फेकतात, पांढरी फडकी दाखवितात. त्यानंतर पोलीस आत येतात. ज्याने शस्त्र टाकले त्याच्यावरील गोळीबाराला ‘बंडाचा बीमोड’ म्हणावयाचे काय? १८५७ ला ‘शिपायांचे बंड’ म्हणण्याविरुद्ध ज्या भाषेत एवढा वाद झाला, त्या भाषेच्या वाचकाला एका नावात किती राजकारण दडलेले असते हे नव्याने सांगावयास नको. नियम मोडला तो कैद्यांनी, हे खरे. पण कायदा मोडला तो कोणी?

२००२ मध्ये कारांदिरूच्या इमारती सुरुंग लावून पाडण्यात आल्या. चित्रपटाच्या अखेरीस त्या कोसळताना दिसतात. साक्षीदार भिंती गेल्या. साक्ष उरली आहे ती पुस्तकात आणि पडद्यावर. तिला एकांगी म्हणून बाजूस सारणाऱ्याने आधी दुसरी साक्ष पुढे आणावी.