पडलेलं माळवद आणि झोपेची गोळी

किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला की एक निवाडा हमखास ऐकू येतो : मदत पोचली, घरं मिळाली, मराठवाड्याचा माणूस मुळातच चिवट, सावरला. निवाड्याचा पूर्वार्ध खरा आहे. ५२ गावं नव्या जागी वसवणं हे लहान काम नव्हे. पण घर उभं राहिलं म्हणून घरात झोपणारा सावरला, हे कशावरून? १९९६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री’त या भूकंपातून वाचलेल्यांची प्राथमिक पाहणी प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना मानसिक विकार आढळला आणि त्यांत पुढे होते दोन : आघातोत्तर ताणविकार आणि नैराश्य. पाहणी लहान होती, मान्य. तिच्यावरून साऱ्या लातूर-उस्मानाबादचा हिशेब मांडू नये. पण ही जोडी काही किल्लारीपुरती नाही. अमेरिकेतल्या १९९५च्या मोठ्या पाहणीत ताणविकार झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना नैराश्यही होऊन गेलेलं दिसलं.

असं का होतं, ते माळवदाच्या घराकडे पाहिलं की उमगतं. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी सांगाडा आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं हेच ओझं ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री उशिरा निजलेल्या माणसांवर कोसळलं. मारेकरी बाहेरून आला नाही. रोजचं छप्परच मारेकरी झालं. त्यामुळे भीती जडली ती झोपेला, अंधाराला, डोक्यावरच्या छताला, म्हणजे रोज टाळता न येणाऱ्या गोष्टींना. नंतरचे धक्के ती शिळी होऊ देत नव्हते. आणि त्याच ढिगाऱ्याखाली लेकरं, बैल, बियाणं गेलेलं. एकाच घटनेनं धास्तीही दिली आणि रितेपणही दिलं. धास्तीनं झोप उडते, जागरणानं अंग गळतं, शेतात जाणं सुटतं, माणूस लोकांतून उठतो आणि रितेपण वाढतं. औषधाच्या दुकानात वेगळे खण असतात. मनात तसे नसतात.

यावर जाणकारांचा एक आक्षेप वजनदार आहे. झोपमोड, कशात रस न वाटणं, लक्ष न लागणं ही लक्षणं दोन्ही विकारांच्या यादींत आहेत. मग एकच दुखणं दोनदा मोजलं जातंय की काय? थोडं जातही असेल. पण सामाईक लक्षणं वगळली तरी जगणं नकोसं होणं उरतंच, आणि जीव जातो तो तिथे. दुसरा आक्षेप असा की साध्या दुःखाला रोग म्हणू नये. अगदी बरोबर; बहुतेक माणसं औषधाविना सावरतात. प्रश्न वर्ष उलटूनही पेरणीला न उठणाऱ्याचा आहे. त्याच्या केसपेपरवर ‘अंगदुखी, धडधड, झोप नाही’ एवढंच लिहून शांत करणारी गोळी दिली, तर रात्र निभावते आणि दुखणं तसंच राहतं. अशा गोळ्यांची सवय लागते आणि मूळ ताणविकारावर त्यांचा उपयोग होत नाही, हे मनोविकारतज्ज्ञ कधीचे सांगताहेत. उलट आघाताच्या आठवणीवर नेमका समुपदेशनाचा उपचार झाला तर नैराश्यही पुष्कळदा उतरतं.

तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ नाही, ही अडचण खरी. पण विचारपूस करायला तज्ज्ञ लागत नाही. १० जुलै २०२४च्या सकाळी हिंगोलीत केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडलाही जाणवला. असा धक्का पडझड न करता जातो, म्हणून दुसऱ्या दिवशी विसरला जातो. पण अशा आठवड्यात छाती धडधडते म्हणून आलेल्या साठीच्या बाईला आरोग्यकेंद्रात दोनच प्रश्न विचारता येतील : त्र्याण्णवला तुम्ही कुठं होता, आणि हल्ली जीव नकोसा होतो का? दुसऱ्याचं उत्तर होकारार्थी आलं तर तिला एकटं न सोडता जिल्ह्याच्या मानसोपचार विभागाकडे पाठवायचं. २०२२पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांकही आहे. तो केसपेपरच्या मागं लिहून द्यायला पेन पुरतो.