द्वैभाषिक कुणी मोडलं? कामगाराच्या मतानं!



काही शहाणे आजही म्हणतात, १९५७ साली आपल्या वाडवडलांनी भाषेच्या वेडापायी मतं दिली. वेड? मग हिशेब ऐका!

१ नोव्हेंबर १९५६ रोजी महाराष्ट्र, गुजरात अन् मुंबई एका दाव्याला बांधून द्वैभाषिक राज्य आपल्या डोक्यावर बसवलं. शेठजी म्हणत, मुंबई आमच्या पैशानं उभी राहिली. आणि साचे कुणी चालवले? कापसाची धूळ छातीत कुणी घेतली? कोकणातून, घाटावरून आलेल्या आपल्याच माणसांनी! ज्याचा घाम, त्याला कारभारात वाटा नको? कोर्टात, कचेरीत त्याला त्याच्या भाषेत भांडता यायला नको?

म्हणून १९५७ ला गिरणगावच्या मतांनी कॉम्रेड डांगे दिल्लीला गेले. पुण्यानं काकासाहेब गाडगीळांसारखा मातब्बर घरी बसवून समितीचे नानासाहेब गोरे निवडले.

गुजराती माणसाचा द्वेष होता म्हणता? मग अहमदाबादकडं बघा! गिरण्यांच्या त्या शहरानंही त्याच निवडणुकीत महागुजरातचे इंदुलाल याज्ञिक निवडून दिले. दोन्हीकडच्या कष्टकऱ्याला आपापलं घर हवं होतं. भांडण शेजाऱ्याशी नव्हतं, न विचारता मोट बांधणाऱ्यांशी होतं.

भांडवल पळून जाईल, अशी भीती घातली होती. पळालं का? १ मे १९६० ला राज्य झालं, १९६२ ला औद्योगिक विकास महामंडळ आलं, अन् पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली.

पण तेवढ्यानं हिशेब मिटला का? मी चौथी शिकलेला माणूस. एका गिरणीत ठेकेदारानं इंग्रजी कागद पुढं केला, म्हणाला, कर सही. पोराच्या शाळेची फी भरायची होती, केली. सहा महिन्यांनी घरी बसवलं, तेव्हा कळलं, त्या कागदात तेच लिहिलं होतं! १९६४ च्या कायद्यानं मराठी राजभाषा झाली. ती गेटच्या आत कधी येणार?

शंभरावर हुतात्म्यांनी रक्त सांडलं ते नुसत्या नकाशासाठी नव्हे. नेमणुकीचा कागद, पगाराची पावती, नोटीस, सगळं मराठीत मागा. कळल्याशिवाय सही करू नका. एकट्यानं मागाल तर गेटबाहेर जाल. खातंच्या खातं उभं राहील, तर मालकाला कागद बदलावा लागेल!

१ मे महाराष्ट्राचा, १ मे कामगाराचा. दोन्ही एकच आहेत, हे दाखवून द्या!

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!