पिस्तुलाचे घर

चष्म्याला घर असते, तबल्याला गवसणी असते, तलवारीला म्यान असते. पण पिस्तूल ज्यात घालून कमरेला अडकवतात त्या कातडी वस्तूला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न माझ्या आत्याने फार पूर्वीच सोडवून टाकला आहे. ती त्याला ‘पिस्तुलाचे घर’ म्हणते. तिला परिभाषा समितीवर कोणी घेतले नाही, त्याला माझा इलाज नाही.

आत्याचे सासर सातारा जिल्ह्यात. तिचे सासरे, म्हणजे तिचे मामंजी, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर परदेशी गेले होते. येताना त्यांनी हे घर आणले. पिस्तूल नाही, नुसते घर! पिस्तुलाला १९५९च्या शस्त्रकायद्याप्रमाणे परवाना लागला असता. रिकाम्या घराला कोण विचारतो? पुढे पन्नास-साठ वर्षे त्यात मामंजींचा अडकित्ता नांदला. वर्षातून एक दिवस, खंडेनवमीला, अडकित्ता बाहेर निघे आणि कोयता, कुऱ्हाड, विळी यांच्या रांगेत हे जर्मन पाहुणे पाटावर बसे. आत्या त्याला हळदकुंकू वाही, झेंडूचे फूल ठेवी. “मामंजींनी केरेनच्या डोंगरावर जर्मनाच्या कमरेचे काढून आणले,” ही कथा त्या वेळी दरवर्षी व्हायची.

माझा या वस्तूशी पहिला संबंध गुन्हेगाराचा आहे. दहा वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुट्टीत मी तिला चांगले वाटीभर खोबरेल चोळले होते. कातडे काळेभोर चमकले आणि आत्याने पाठ थोपटली. आता वाचून कळते की जुन्या कातड्याला तेल म्हणजे उपकार नव्हे. तेल आत मुरते, कातडे काळवंडते, मऊ पडून आकार सोडते, त्यावर धूळ बसते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीला आयते जेवण मिळते. शिवाय तेलातली आम्ले तांब्यापितळेशी भांडतात. आत्याच्या घराच्या रिवेटींभोवती हिरवट मेणासारखा जो थर साचला आहे, ती माझ्या बालपणीची सेवा आहे.

दोन वर्षांपूर्वी आत्याचा मुलगा म्हणाला, “दादा, पुण्यात असल्या वस्तूंचे शौकीन आहेत म्हणे. तू एवढा शिकलेला, बघ तरी काय आहे ते.” आता मी शिकलेला आहे तो ज्ञानेश्वरीत. पण ‘तुम्हाला काय कळते’ असे कोणी सुचवले की प्राध्यापकाला झोप येत नाही. मी महिनाभर त्याच विषयाची पुस्तके आणून वाचली.

विषय मोठा गमतीचा निघाला. आपण समजतो, जर्मन पिस्तूल म्हणजे लुगर. ते जर्मन लष्कराने १९०८ साली घेतले, म्हणून त्याचे नाव पी. ०८. त्याचे घर ताठ, जाड कातड्याचे. पुढच्या कडेला जादा मॅगझिनचा कप्पा, आणि झाकणाच्या आत एक चिमुकला खिसा, पिस्तूल उघडायच्या हत्यारासाठी. वाल्थर कंपनीचे पी. ३८ आले १९३८ साली. त्याचे घर आधी तसेच ताठ आणि बकलाचे होते. पण युद्ध लांबले, कातडे आणि वेळ दोन्ही कमी पडू लागली, तेव्हा ते मऊ झाले आणि बकलाऐवजी खुंटीवर अडकवायची साधी पट्टी आली. शेवटी शेवटी डुकराचे कातडेही वापरले. त्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या पुंजक्यात दिसतात. हरणारे राष्ट्र आपल्या चामड्याच्या पिशव्यांतसुद्धा दिसते, हे मला नवे होते.

खरी जन्मपत्रिका पाठीवर असते. तिथे पिस्तुलाचा नमुना, साल, सरकारी तपासनिसाचा गरुड आणि कारखान्याचे नाव ठोकलेले असते. १९४१च्या सुमारास नावे जाऊन सांकेतिक अक्षरे आली, म्हणजे कोणता माल कुठे होतो हे शत्रूला कळू नये. पिस्तुलांवर ‘एसी’ म्हणजे वाल्थर, ‘बीवायएफ’ म्हणजे मौझर.

नकला पुष्कळ निघतात. म्हणून मी गावच्या दुकानदाराकडून नोटा तपासायचा जांभळा दिवा मागून आणला. आजच्या दोऱ्यांत चमक आणणारी द्रव्ये असतात. तो दोरा त्या उजेडात निळसर पांढरा पेटतो. आत्याच्या घराची शिवण अंधारात मुकाट राहिली. एवढ्याने सिद्ध काहीच होत नाही, पण मी खूष झालो.

आणि मग, ऐन खंडेनवमीला, सगळे घर जमलेले असताना मी भिंग लावून पाठ वाचली. ‘पी. ३८’. खाली ‘जीएक्सवाय’, म्हणजे ड्रेस्डेनचे क्लिंगे बंधू. त्याखाली साल, १९४३. वर्गात उभा असल्यासारखा मी म्हणालो, “केरेनची लढाई फेब्रुवारी-मार्च १९४१ची, आणि तीही मुख्यतः इटालियनांशी. १९४३ साली शिवलेली वस्तू १९४१ साली कुणाच्या कमरेला असेल?”

“म्हणजे आबा थापा मारायचे की!” आत्याचा मुलगा हसला. सगळेच हसले. आत्या उठून आत गेली.

रात्री मी स्वयंपाकघरात गेलो. म्हटले, “आत्या, मामंजी खोटे बोलले असे मी म्हटले नाही गं.”

“तू नाही म्हणालास,” आत्या म्हणाली, “पण ते हसले तेव्हा तू गप्प होतास.”

याला उत्तर नव्हते. तिने फडताळातून बिस्किटांचा जुना डबा काढला. त्यात मामंजींची पदके होती. एका तारकेची फीत वाळूच्या रंगाची, मध्ये तांबडा पट्टा: आफ्रिका स्टार. दुसरीची फीत तांबडी, पांढरी, हिरवी: इटली स्टार. मराठा पलटणी केरेनलाही लढल्या आणि पुढे इटलीतही. याच इटलीत यशवंत घाडगे यांना १९४४ साली आणि नामदेव जाधव यांना १९४५ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे मामंजी दोन्हीकडे होते, आणि घर बहुधा इटलीतले. मग केरेन का?

आत्या बराच वेळ फितीवरून बोट फिरवीत राहिली. “केरेनला त्यांचा गावचा जोडीदार पडला,” ती म्हणाली. “मामंजींची कुठलीही गोष्ट तिथूनच सुरू व्हायची. आम्ही पोरीबाळी, आम्हाला वाटायचे सगळे तिथलेच.”

झाकण उघडून मी आतली बाजू तिला दाखवली. तिथे शाईने लिहिलेले कुणाचे तरी नाव आहे. माझ्या खोबरेलाने ते पसरले. आता पहिले एक अक्षर तेवढे कळते. आत्याने विचारले, “त्याच्या घरी कळले असेल का रे?”

विक्रीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता घराची व्यवस्था अशी आहे. तेल, मेण, बुटाचे पॉलिश बंद. हिरवा थर मी लाकडी दातकोरणीने हळूहळू काढला. अजून थोडा आहे. आत बिनआम्लाचा कागद भरला आहे, म्हणजे आकार राहील. झाकण उगाच दुमडायचे नाही, पट्टी ओढायची नाही. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचे नाही; धुतलेल्या बिनरंगी सुती फडक्यात, भिंतीपासून दूर ठेवायचे. हवेतला दमटपणा शेकडा पन्नासच्या आसपास असावा असे तज्ज्ञ सांगतात. सातारच्या श्रावणाला ते मान्य नाही, म्हणून महिन्यातून एकदा पाहायचे आणि बुरशी दिसलीच तर घराबाहेर नेऊन मऊ ब्रशाने झाडायची. कातड्यातून तांबडी भुकटी गळू लागली तर मात्र हात न लावता जाणकाराकडे न्यायचे.

कुंकवाचे डाग मी काढलेले नाहीत. ड्रेस्डेनमध्ये ते शिवले गेले त्याला दोन वर्षे झाली असतील-नसतील तोच, फेब्रुवारी १९४५मध्ये, ते शहर बॉम्बने जळाले; त्यानंतरचे सगळे आयुष्य त्याने आत्याच्या फडताळात काढले. ते डागही त्याचेच आहेत.

गेल्या खंडेनवमीला आत्याने माझ्या सांगण्यावरून कुंकू पाटाला लावले, कातड्याला नाही. फूलही शेजारी ठेवले. सगळे आटोपल्यावर मात्र तिने अडकित्ता माझ्यासमोर आणून आदळला.

“तुझ्या जर्मनाची सोय झाली,” ती म्हणाली. “आता हा कुठे ठेवू, तेवढे सांग.”