एका गावाच्या अनेक भाषा

स्थानिक इतिहास म्हणजे दुय्यम दर्जाचा इतिहास, असा समज साहित्याच्या अभ्यासकांतही रूढ आहे. अमेरिकेतील मिसिसिपीकाठच्या कास्कास्किया या खेड्याकडे पाहिले असता तो टिकत नाही. २०१० च्या जनगणनेत येथे अवघी १४ माणसे होती. १८१८ साली मात्र हेच गाव इलिनॉय राज्याची पहिली राजधानी होते. १८८१ मध्ये मिसिसिपीने पूर्वेकडील कास्कास्किया नदीचे पात्र बळकावले आणि जुने गाव क्रमशः वाहून गेले. दक्षिणेस हलविलेले गाव महानदीच्या पश्चिमेस पडले. राज्याची सीमा जुन्या पात्रावरच राहिली. त्यामुळे आजही तेथे जाण्याची वाट शेजारच्या मिझुरी राज्यातून आहे.

इंग्रजी कागदांवरच विसंबणाऱ्याला या गावाचा इतिहास १७७८ मध्ये, म्हणजे जॉर्ज रॉजर्स क्लार्कने ते ब्रिटिशांकडून घेतले तेव्हापासून, सुरू झालासा वाटेल. वस्तुतः १७०३ मध्ये येथे वस्ती केली ती कास्कास्किया जमातीने व तिच्यासवे आलेल्या फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशकांनी. गावातील जुनी खरेदीखते, विवाहकरार आणि मृतांच्या मालमत्तेच्या याद्या फ्रेंचमध्ये आहेत. त्या याद्यांत गुलाम केलेल्या आफ्रिकी व मूलनिवासी माणसांची गणना गुराढोरांसोबत झालेली आढळते. जमातीची स्वतःची वाणी उरली आहे ती जेझुइटांनी सिद्ध केलेल्या इलिनॉय-फ्रेंच कोशात. दीर्घकाळ हस्तलिखित राहिलेला हा कोश २००२ साली छापला गेला.

कोशामागील हेतू धर्मांतराचा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु भूमी गमावून अखेर ओक्लाहोमात गेलेल्या लोकांच्या भाषेचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्यांना आज तोच मोठा आधार आहे. गोव्यातील जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' धर्मप्रसारार्थ रचलेले असूनही मराठी वाङ्मयेतिहासाने आपले मानले. तोच न्याय कोश, करार आणि याद्या यांनाही लावला पाहिजे. कारण ज्यांनी स्वतः ग्रंथ लिहिले नाहीत, त्यांचा माग बहुधा अशाच लेखनात लागतो.

आपले वाङ्मयेतिहास एकेका भाषेच्या कुंपणात लिहिले जातात. तौलनिक साहित्याच्या विभागांनी एखादे गाव हाच अभ्यासाचा घटक मानून तेथील सर्व भाषांतील कागद एकत्र वाचावेत, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. एका भाषेच्या इतिहासात ज्यांना जागा मिळाली नाही, ती माणसे तेथे भेटण्याचा संभव अधिक आहे.